नवव्या फेरीतला लेफ्ट बॅक

दादानं सरकारी नोकरीचा राजीनामा दिला हे पप्पांना त्यानं स्वतः सांगितलं नाही. आईनं सांगितलं, तेही पप्पा जेवायला बसल्यावर. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. आता घर डोक्यावर घेतील असं वाटून मी पाण्याचा तांब्या आणायला उठले. पण त्यांनी दादाकडे बघून एवढंच विचारलं, "कोणत्या जागेवर? लेफ्ट बॅकच ना?"

"मग डाव्या बाजूचा बचाव सोडून दुसरीकडे कुठे खेळतो मी?" दादा दारातच उभा होता.

"चुकलास. या वर्षी लेफ्ट बॅक पुष्कळ आहेत. तुझ्याहून तरुण आहेत."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा घास उचलला. आमच्या घरात फुटबॉलविषयी असंच बोललं जायचं. पप्पा खडकीतल्या सरकारी कारखान्यात फिटर होते आणि तरुणपणी डिपार्टमेंटच्या संघातून खेळायचे. आजूबाजूला लष्कराची मैदानं, त्यामुळे आमच्या वस्तीत क्रिकेटच्या आधी फुटबॉल आला. रविवारी सकाळी बुद्धवंदना झाली की पप्पा चपला घालून मैदानावर जायचे आणि दुपारी परत येऊन कोणी कुठे चूक केली ते आईला सांगत बसायचे. आई भाजी निवडत "हं, हं" करायची. दादा जिंकून आला तरी त्याच्या वाट्याला यायच्या त्या चुकाच. दादाला त्याचं तेव्हा काही वाटत नसे, किंवा आम्हाला तसं वाटायचं.

दादाची नोकरी खेळाडू म्हणूनच लागली होती. एका सरकारी खात्यात सही करायची, दुपारनंतर सराव, स्पर्धा असली की रजा. कायमची नोकरी. पप्पांच्या दृष्टीनं याच्या पुढे काही नव्हतं. त्यांचे वडील रोजंदारीवर होते, ते स्वतः कायम झाले, मुलगा कायम झाला. मी इंजिनिअर होऊन हडपसरला आयटीत लागले तेव्हाही त्यांनी आनंदानं पेढे वाटले, पण आईला हळूच म्हणाले होते, "हिची कंपनी उद्या म्हणाली घरी बस, तर?" आणि आता मुलानं हातची नोकरी सोडली होती, कारण देशात नवी व्यावसायिक लीग सुरू झाली होती, शहराचा संघ होता, आणि खात्याचा माणूस म्हणून तिथे खेळता येत नव्हतं. बिनपगारी रजा त्यानं मागितली होती. मिळाली नाही.

"एक वर्ष तरी बघू दे मला," तो आईला म्हणाला. तिशी जवळ आली होती. गुडघा सकाळी उठल्यावर कुरकुरायचा. आणखी वाट बघितली असती तर ती संधी गेलीच असती, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. पप्पांनाही.

लीगमध्ये भारतीय खेळाडूंची निवड ड्राफ्टनं व्हायची. ड्राफ्ट म्हणजे लिलाव नव्हे. सगळ्या संघांची माणसं एका मोठ्या हॉटेलात टेबलं मांडून बसतात आणि पाळीपाळीनं एकेक खेळाडू उचलतात. एक फेरी संपली की दुसरी. किंमत आधीच ठरलेली असते, बोली लागत नाही. ज्याला शेवटपर्यंत कोणी उचललं नाही तो घरी.

तो ड्राफ्ट एका रविवारी होता आणि नेमकं त्याच दिवशी आमच्या प्रोजेक्टचं रिलीज होतं. सुट्टी असूनही आम्ही ऑफिसात. टेस्टिंगला वेळ लागणार होता, म्हणून टीम लीडनं कॉन्फरन्स रूममधल्या मोठ्या पडद्यावर ड्राफ्ट लावला. टीम लीड शनिवार पेठेतला. वयानं माझ्याहून बराच मोठा, सगळ्यांना अहो-जाहो करणारा. अपमानही आदरार्थी करायचा. दुसरा, कोलकात्याहून आलेला एक डेव्हलपर. पुण्यात चार-पाच वर्षं काढल्यावर तो हट्टानं मराठी बोलायचा आणि त्यात लिंगाचा पार गोंधळ घालायचा. या दोघांनी शहराच्या संघाच्या पाठीराख्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप चालवला होता आणि ड्राफ्टच्या आधीचे पंधरा दिवस कँटीनमध्ये दुसरा विषय नव्हता. मी त्यांच्यात बसायचे, बोलायचेही. पण माझा भाऊ निवडीसाठी उभा आहे हे मी सांगितलं नव्हतं. निवड झाली नाही तर सगळ्यांचं सांत्वन ऐकावं लागेल, म्हणून.

पहिल्याच फेरीत आमच्या संघानं गोलकीपर घेतला.

"वा," टीम लीड म्हणाला. "म्हणजे गोल खायचेत हे ठरलेलंच आहे. निदान खाणारा तरी दर्जेदार असावा."

कोलकातावाला चिडला. त्याला तिथे एक मिडफिल्डर हवा होता, त्याच्या गावचा. "पागल आहे हा लोक! असा प्लेयर सोडली!"

"अहो, मध्ये परदेशी खेळाडूच खेळणार. पुढेही तेच. आपल्याकडच्यांना उरतात मैदानाच्या दोन कडा. तुमचा गाववाला घेऊन त्याला बसवायचा कुठे, तुमच्या मांडीवर?"

हे मात्र त्याचं खरं होतं. परदेशी खेळाडूंवर मोठा पैसा लागलेला असे आणि ते बहुतेक आक्रमणात असत. भारतीय खेळाडू लागत ते बचावाला, विशेषतः डाव्या-उजव्या बाजूला. घरी पप्पाही हेच सांगायचे. मी मनात धरून बसले होते की म्हणूनच दादाला कोणी तरी घेईल.

तिसऱ्या फेरीत आमच्याच संघानं लेफ्ट बॅक घेतला. मिझोरमचा मुलगा, जेमतेम विशीतला, अतिशय वेगवान. कोलकातावाल्यानं टाळ्या वाजवल्या. टीम लीडसुद्धा म्हणाला, "हे मात्र शहाणपणाचं केलं." मी लॅपटॉपकडे बघत राहिले. माझ्या चाचण्या एकेक करून पास होत होत्या आणि मला त्यातलं काही दिसत नव्हतं. एक संघ कमी झाला, एवढंच डोक्यात. मी बाहेर जाऊन दादाला फोन केला. त्यानं उचलला नाही. आईला केला. ती म्हणाली, "तो गच्चीवर गेलाय. पप्पा टीव्हीपुढे आहेत. आवाज बंद करून बघतायत."

मग फेऱ्या जात राहिल्या. दर फेरीत या दोघांचं भांडण. याला का घेतलं, तो का सोडला, गेल्या मोसमात ह्यानं काय दिवे लावले होते. मी समोशाचा एक तुकडा हातात धरून बसले होते, तो तसाच गार झाला. आठव्या फेरीनंतर टीम लीड उठून चहा आणायला जाणार होता. तेवढ्यात नववी सुरू झाली आणि पडद्यावर आमच्या संघाच्या नावापुढे दादाचं नाव आलं.

मला आधी ते आडनाव वाचताच आलं नाही. माझंच आडनाव.

"हा कोण?" टीम लीडनं विचारलं.

कोलकातावाल्यानं फोनमध्ये शोधलं. "खडकीचा आहे. लेफ्ट बॅक. परत लेफ्ट बॅक?"

"मग झालं की. लोकल कोटा," टीम लीड म्हणाला. "पोस्टरवर लावायला एक पुणेकर हवा. खेळवतंय कोण त्याला! कोट्यातून आलेला माणूस बेंचवरच शोभतो."

त्याच्या मनात त्या क्षणी फुटबॉलच होता, हे मला आजही मान्य आहे. पण 'कोटा' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वसतिगृहातल्या एका मुलीनं माझं नाव विचारायच्या आधी मार्क विचारले होते, आणि ते ऐकून तिचा चेहरा पडला होता, कारण ते तिच्याहून जास्त होते. नोकरीत सहा वर्षं झाली तरी कोणी हा शब्द उच्चारला की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. तशी ती झाली.

"तो माझा भाऊ आहे," मी म्हणाले.

"कोण?"

"आत्ता निवडला तो. सख्खा भाऊ. नोकरी सोडून आलाय."

कोलकातावाला तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत होता. टीम लीडनं चष्मा काढून पुसला.

"आपण आधी सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"का? मत बदललं असतं?"

त्यानं खरोखर विचार केला. "मत नसतं बदललं," तो म्हणाला. "शब्द बदलले असते."

मी घरी पोचले तेव्हा वस्तीतली माणसं दारात जमली होती. आई प्रत्येकाच्या हातावर खडीसाखर ठेवत होती. दादाला मुलांनी खांद्यावर घेतलं होतं. पप्पा खुर्चीत बसून शेजारच्या काकांना सांगत होते, "मिझोरमचं पोरगं ह्याच्यापेक्षा चांगलं आहे. त्याला आधी घेतलं ते बरोबर केलं. हा दुसरा. पण दुसरा म्हणून ठीक आहे." खांद्यावरून दादानं ते ऐकलं आणि तो हसला. त्या संध्याकाळी त्याला काहीही बोललं असतं तरी तो हसला असता.

ऑफिसात मात्र सगळं उलटं झालं. कोलकातावाल्यानं दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर जाहीर केलं की आपल्याला आपला स्वतःचा खेळाडू मिळालाय. आता त्याला दुसरं काही सुचेना. दादाच्या जुन्या सामन्यांचे व्हिडिओ त्यानं शोधून काढले. कापडी फलक शिवून घेतला, त्यावर दादाचं नाव. पहिल्या सामन्याला बालेवाडीला आम्ही पंधरा-वीस जण गेलो. हडपसरहून शहर ओलांडून जायचं, म्हणून टीम लीडनं दुपारच्या मीटिंग रद्द केल्या. पप्पाही आले. दादा बेंचवर होता आणि बेंचवरच राहिला. दुसऱ्या सामन्यात तेच. तिसऱ्या सामन्यात तो सामन्यासाठी निवडलेल्या अठरा जणांतही नव्हता.

मग ग्रुपवर वाद पेटला. परदेशी प्रशिक्षकाला पुण्याची किंमत नाही, पुणेकर मुलाला मुद्दाम डावललं जातंय. कोणी म्हणालं मिझोरमच्या मुलाच्या एजंटनं सेटिंग केलंय. दादाला ज्यांनी कधी खेळताना बघितलं नव्हतं ते त्याच्यासाठी भांडत होते. चौथ्या सामन्याला संपूर्ण स्टँड त्याच्या नावानं ओरडायला लागला. मिझोरमच्या त्या मुलाच्या पायाशी चेंडू गेला की हे दादाचं नाव घ्यायचे. मी बघत होते. त्या मुलानं एकदा मान वर करून आमच्याकडे बघितलं.

पप्पा उठून उभे राहिले. "बसा खाली," ते कोलकातावाल्याला म्हणाले. "चांगलं खेळतंय ते पोरगं. त्याला कशाला त्रास देता?"

"काका, हा तुमच्या मुलगासाठीच!"

"माझ्या मुलासाठी असेल तर मग मुळीच नको."

टीम लीड पप्पांच्या शेजारी बसला होता. त्यानं मान डोलावली आणि पहिल्यांदाच तो माणूस मला मनातून जवळचा वाटला.

दोन दिवसांनी दादाचा फोन आला. तो संघाबरोबर हॉटेलात राहायचा. "तुझ्या ऑफिसवाल्यांना थांबव," तो म्हणाला. "कोचला वाटतंय मी माणसं बोलावून ओरडायला लावतोय. सरावात माझ्याशी बोलत नाही तो. आणि ते पोरगं माझं रूममेट आहे, बाई. आम्ही एका खोलीत झोपतो. काल मला विचारत होतं, तुझी फॅमिली माझ्यावर रागावलीय का म्हणून."

मी ग्रुपवर लिहिलं. स्पष्ट लिहिलं. कोलकातावाल्यानं माफी मागितली, पण तोपर्यंत ते त्याच्या हातात राहिलं नव्हतं. ग्रुपवर आता शेकडो लोक होते आणि त्यांना दादा नको होता, त्यांना भांडायला विषय हवा होता. पुढच्या सामन्यातही आरोळ्या झाल्या.

मोसम संपत आला तेव्हा मिझोरमच्या मुलाचा स्नायू दुखावला आणि दादाला खेळवावंच लागलं. घरच्या मैदानावर. आई पहिल्यांदा स्टेडियममध्ये आली, नवी साडी नेसून. दादाचं नाव माइकवर घेतलं तेव्हा स्टँड असा काही गरजला की आईनं कानांवर हात ठेवले आणि हातांच्या मधून हसत राहिली.

पहिला अर्धा भाग तो चांगला खेळला. साधं खेळला, चेंडू अडवला, जवळच्याला दिला. दुसऱ्या भागात समोरच्या संघानं एक ताज्या दमाचा विंगर आणला आणि तो दादाच्या बाजूनं पळायला लागला. एकदा दादा मागे पडला, निभावलं. दुसऱ्यांदा मागे पडला. विंगरनं आत वळून चेंडू मध्ये टाकला आणि गोल झाला. आम्ही हरलो.

पुढचं मला सविस्तर लिहिवत नाही. ज्या तोंडांनी त्याचं नाव घेतलं त्याच तोंडांनी शिट्ट्या मारल्या. आमच्या मागच्या रांगेतला एक जण ओरडला, "काढा रे त्या म्हाताऱ्याला!" आई मागे वळली नाही. तिनं पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, पुन्हा लावलं. ग्रुपवर संध्याकाळपर्यंत नवव्या फेरीवर विनोद आले होते. नववी फेरी म्हणजे टाकाऊ माल. कोलकातावाल्यानं एकही ओळ लिहिली नाही. दुसऱ्या दिवशी तो माझ्या टेबलापाशी येऊन नुसता उभा राहिला आणि परत गेला.

टीम लीड मात्र आला आणि खुर्ची ओढून बसला. "तो गोल आपल्या भावाच्या चुकीचा नव्हता," तो म्हणाला. "मधल्या बचावपटूनं कव्हर द्यायला हवं होतं. मी पुन्हा पुन्हा बघितलाय. ग्रुपवर लिहिलंय तसं. लोक वाचत नाहीत, तो भाग वेगळा."

हे मी घरी जाऊन सांगितलं. दादा दोन दिवसांच्या सुट्टीवर आला होता, आम्ही सगळे जेवत होतो. मला वाटलं त्याला बरं वाटेल. पप्पा म्हणाले, "तुझ्या साहेबाला खेळ कळतो, पण हे चुकलं. गोल ह्याचाच होता. विंगर आत वळणार हे पहिल्यांदाच दिसलं होतं. दुसऱ्यांदा जागा सोडायला नको होती."

"अहो, जेवू द्या त्याला," आई म्हणाली.

"खेळाडू आहे तो. त्याला कळायला नको?"

दादानं ताट बाजूला केलं. आवाज चढवला नाही. "पप्पा," तो म्हणाला, "त्या दिवशी सगळं स्टेडियम माझ्यावर ओरडत होतं. तुम्ही तरी वेगळं काही बोलाल असं वाटलं होतं."

"मी ओरडलो नाही."

"नाही ओरडलात. इथे येऊन सांगताय."

तो उठला, बॅग भरली आणि हॉटेलात परत गेला. एक दिवस आधीच. पप्पांनी जेवण पूर्ण केलं, ताट धुतलं, आणि मग बराच वेळ मोरीपाशी हात पुसत उभे राहिले. आपण काय वावगं बोललो हे त्यांना खरंच उमगत नव्हतं. त्यांच्या लेखी खोटं सांगणं म्हणजे मुलाला खेळाडू न मानणं होतं.

मोसम संपल्यावर संघानं दादाला सोडलं. पुढच्या ड्राफ्टमध्ये त्यानं नाव दिलंच नाही. जुन्या खात्यात त्यानं अर्ज केला, तिथे जागा नव्हती. काही महिने तो घरी होता. घरात असून पप्पांशी बोलायचा नाही असं नाही, दूध आणलं का, लाइट बिल भरलं का, असं बोलायचा. फुटबॉलचा विषय निघाला की खोलीत जायचा. पप्पाही मग तो विषय काढेनासे झाले. आमच्या घरात रविवारची दुपार इतकी शांत मी कधी अनुभवली नव्हती. नंतर दादाला हडपसरकडे एका खासगी शाळेत क्रीडाशिक्षकाचं काम मिळालं, दरवर्षी नवा करार, आणि तो तिकडेच खोली घेऊन राहायला गेला. पुढे तो शहराचा संघही बंद पडला आणि ग्रुपवर लोक इंग्लंडमधल्या क्लबांवर भांडायला लागले. मी ग्रुप सोडला.

एका हिवाळ्यात दादा स्थानिक लीगमध्ये एका साध्या क्लबकडून खेळायला लागला. कोणाला सांगितलं नाही, मला कुणाकडून तरी कळलं. एका सकाळी पप्पा चपला घालून गेले ते दुपारी परत आले. कुठे गेले होते हे आईनं विचारलं नाही. मी विचारलं, "कसा खेळला दादा?"

पप्पा टोपी काढून खुंटीला लावत होते. "मला नाही सांगता येणार," ते म्हणाले. "मी त्याच्याकडेच बघत होतो. बाकी खेळ काय झाला, लक्षात नाही."

हे मी दादाला फोनवर सांगितलं.

"मला दिसले होते ते," तो म्हणाला. "गोलपोस्टच्या मागे उभे होते. सामना संपल्यावर मी तिकडे जाणार होतो. तोपर्यंत ते निघून गेले होते."

"मग घरी ये की."

"येईन," तो म्हणाला. त्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला, आईनं केलेलं मटण जेवला, आणि पप्पांनी विचारलं तेव्हा गुडघा बरा आहे म्हणाला. ते खरं नव्हतं. पप्पांना ते कळलं असणार, कारण तो जिना उतरताना ते खिडकीतून बघत होते. पण ते काही बोलले नाहीत.